गळती बुजवावी की इंजिन उघडावे?

शास्त्रपाठ : यिर्मया ६:१४, मत्तय ५:२३-२४



गेल्या उन्हाळ्यात मंडळीच्या जुन्या जीपमधून आम्ही बसवकल्याणहून कलबुर्गीला सभेसाठी निघालो होतो. हुमनाबाद मागे पडले आणि इंजिन तापू लागले. थांबलो, निवू दिले, रेडिएटरमध्ये पाणी भरले. पुन्हा तापले. बाहेर थेंबही गळत नव्हता, तरी पाणी संपत होते. मागून पांढरा धूर निघत होता. असे तीनदा पाणी भरून आम्ही गाडी कमलापूरपर्यंत रेटली.

तेथल्या मिस्त्रीने तेलाची पट्टी काढून दाखविली. तेल दुधाळ चहासारखे झाले होते. हेडचे गॅस्केट उडाले होते. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये हा पातळ थर बसविलेला असतो. आतील जाळ, पाणी आणि तेल यांना आपापल्या वाटेत ठेवणे हे त्याचे काम. तो फाटला की पाणी तेलात शिरते आणि इंजिनाचा नाश होऊ लागतो.

आता दोन मार्ग होते. रेडिएटरमध्ये गळती बुजविणारे औषध ओतावे. खर्च थोडा, गाडी लगेच चालू. किंवा हेड उतरवावे, ते वाकले आहे काय हे तपासावे, नवे गॅस्केट व नवे तेल घालावे. त्यात दोन-तीन दिवस आणि बराच पैसा जाणार. खरे सांगतो, आमचे मन औषधाकडेच झुकले. तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, गॅस्केट महाग नाही. तापलेली गाडी तुम्ही पळविलीत, त्याने हेड वाकले असेल, तर खरा खर्च त्याचा."

हे शब्द आम्हांला लागले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली व आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला. आमच्या मंडळीत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा बोलणारी घरे आहेत. सकाळची उपासना कोणत्या भाषेत व्हावी यावरून दोन वडिलांत वाद झाला. पंचायतीने दोघांचे हात मिळविले, चहा दिला, आणि वृत्तान्तात "वाद मिटला" असे आम्हीच लिहिले. दोन वर्षे झाली. प्रभुभोजनाला ते अजून दोन बाजूंनी येतात, आणि शब्बाथशाळेत त्यांची मुलेही वेगवेगळ्या बाकांवर बसतात. आम्ही औषध ओतले होते आणि तापलेली गाडी पळविली होती.

यिर्मया अशाच वैद्यांना दोष देतो, जे जखम वरवर बांधून सर्व ठीक असल्याचे सांगतात. आणि प्रभू येशू तर अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाकडे जावयास सांगतो.

आम्ही हेड उतरविण्यास सांगितले. ते वाकलेच होते. मशीनवर घासून सपाट करावे लागले. बोल्ट बसविताना मिस्त्रीने एकही एकदम आवळला नाही. मधल्यापासून बाहेरच्याकडे, क्रमाने, थोडेथोडे, तीन फेऱ्यांत आवळले.

परत आल्यावर आम्ही दोन्ही वडिलांच्या घरी गेलो आणि लिहिलेल्या त्या खोट्या ओळीबद्दल क्षमा मागितली. एकाने जवळ बसवून घेतले. दुसऱ्याने अद्याप मन उघडलेले नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

शिक्षकहो, वर्गात दोन मुले भांडली तर केवळ हात मिळवून सोडू नका. कोणाला काय लागले ते आधी विचारा.

प्रभो, आमची आतली गळती आम्हांला दाखीव आणि ती उघडण्याचे धैर्य दे. आमेन.