रेणुकामाते, एका नास्तिकाच्या नावानं

आई रेणुके, ओटी भरायला आलेल्यांच्या रांगेत मी रिकाम्या हातानं उभा आहे. मागणं आहे, पण ते अशा माणसाच्या नावानं, ज्यानं तुला कधी मानलं नाही.

अहिल्याबाई होळकरांनी चांदवडचं हे देऊळ नीट बांधून काढलं. चांदवडकरांची तू घरचीच. पण तुझं मूळपीठ माहूर, नांदेड जिल्ह्यातलं. त्याच नांदेडात नरहर कुरुंदकर राहिले. आपण नास्तिक आहोत हे ते चारचौघांत सांगत, आणि महाभारत, मनुस्मृती, भरताचं नाट्यशास्त्र असं वाचत की आम्हां भाविकांना लाज वाटावी. तू त्यांच्यावर रागावली नसशील. न वाचता माना डोलावणाऱ्यांचाच तुला जास्त कंटाळा येत असेल, असा माझा आपला अंदाज.

हा माणूस इंटरला पुनःपुन्हा नापास झाला. शाळेत मास्तरकी करता करता पुढच्या परीक्षा दिल्या, नंतर पीपल्स कॉलेजात मराठी शिकवलं, तिथंच प्राचार्य झाला. 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीची झाडाझडती घेतली. १० फेब्रुवारी १९८२ ला, औरंगाबादेत, व्यासपीठावरच गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. तेवढं मात्र तुझं चुकलंच.

माझं मन अडकतं ते त्यांच्या एका पत्रात. रणजित देसाई शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहीत होते. कुरुंदकरांनी त्यांना लांबलचक पत्र धाडलं. त्यात आरती नव्हती. महाराजांची थोरवी नेमकी कशात, लढायांच्या पलीकडे कुठं पाहावं, लेखकापुढं अडचणी कोणत्या, हे सगळं रोखठोक. आणि देसाईंनी तेच पत्र 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून लावलं! लिहिणारा मोठा की लावून घेणारा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता माझं गाऱ्हाणं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कवितासंग्रहाला प्रस्तावना मागितली आहे. पोरगा भला. कांद्याचे भाव पडलेल्या साली पदरचे पैसे घालून पुस्तक काढतोय. चार कविता अस्सल आहेत, त्याच्या शेतातल्या, त्याच्या बापाच्या. बाकीच्या कुठून कुठून ऐकलेल्या. आम्हां मास्तरांना 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' लिहून सुटणं फार सोपं. गावात प्रकाशन होतं, शाल मिळते, फोटो निघतो, आणि पुस्तक कुणी वाचत नाही.

तेव्हा आई, शुभेच्छांऐवजी मला कुरुंदकरांसारखं रोखठोक, चार पानांचं पत्र लिहायचं बळ दे. त्या चार कवितांवर मनापासून लिहू दे, एकेका ओळीपाशी थांबून. बाकीच्यांबद्दल लिहिताना माझ्या विद्वत्तेचा तोरा त्यात शिरू देऊ नकोस; कुरुंदकरांची धार मागताना त्यांचं वाचन माझ्यापाशी नाही, हे ध्यानात ठेव. पत्र छापायचं की फाडायचं, ते तो ठरवील. त्यानं माझ्याकडे यायचं थांबवू नये, एवढं तू बघ.