मागून येणाऱ्याची मुर्वत

बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. तेथे एका प्रातःकाळी आम्ही काही वेळ खेळ पाहत उभे होतो. एका गृहस्थांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. दोन-तीन फटके व्यर्थ गेल्यावर तो कसाबसा बाहेर निघाला. गृहस्थ त्रासले होते, हे दुरूनही दिसत होते. तथापि पुढे जाण्यापूर्वी ते मागे वळले, काठावरचे दाताळे उचलले आणि स्वतःच्या पावलांच्या खुणा मोडून वाळू सारखी केली. त्या वेळी त्यांच्या मागे कोणीही खेळत नव्हते.

आम्हांस या खेळातले फारसे कळत नाही. पण ती कृती मनात राहिली. समोरच्या माणसाशी आपण सभ्यपणे वागतो, त्यात आदर किती आणि लोकलज्जा किती, हे सांगणे कठीण. येथे मुर्वत ठेवावयाची ती अद्याप न आलेल्या, बहुधा कधीच न भेटणाऱ्या माणसाची. उखडलेले गवत पुन्हा जागी बसविणे, हिरवळीवर चेंडूने पडलेला खळगा बुजविणे, ही कामेही त्याच जातीची. दुसरा फटका मारीत असता बोलू नये, पुढची मंडळी टप्प्याबाहेर गेल्यावाचून चेंडू मारू नये, हे शिष्टाचार त्या मानाने सोपे. तेथे डोळे आपणांवर असतात.

१७४४ साली एडिंबरोनजीक लीथ येथे या खेळाचे १३ लेखी नियम झाले. खळीपाशी प्रामाणिकपणे खळीकडेच खेळावे, वाटेत नसलेल्या प्रतिपक्षाच्या चेंडूवर खेळू नये, असे त्यांत एक कलम होते. २०१९ च्या नियमावलीने तर दुसऱ्याचा विचार करण्याची अपेक्षा पहिल्याच नियमात घातली; मात्र गंभीर गैरवर्तन वगळता त्यासाठी सामान्यतः दंड ठेवला नाही. आम्हांस हे शहाणपणाचे वाटते. दंडाच्या भीतीने सारखी केलेली वाळू सपाट होईल खरी, पण त्या गृहस्थांचे परत वळणे तीत नसेल.

परंतु सौजन्याची किंमत दुसऱ्याने भरावयाची असेल तर? १९६९ साली इंग्लंडात रॉयल बर्कडेल येथे रायडर करंडकाचा सामना अखेरच्या खळीपर्यंत बरोबरीत आला. अमेरिकेचे जॅक निक्लॉस यांनी आपला चेंडू खळीत घातला. ब्रिटनचे टोनी जॅकलिन यांचा चेंडू सुमारे दोन फुटांवर होता. तो चुकता तर अमेरिका जिंकती. निक्लॉस यांनी तो फटका न मारताच मान्य केला आणि सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. करंडकाच्या इतिहासातील ती पहिली बरोबरी. करंडक आधीच्या विजेत्यांकडे, म्हणजे अमेरिकेकडेच राहिला. विजय मात्र हुकला. अमेरिकेचे कर्णधार सॅम स्नीड नाराज झाले.

त्यांच्या नाराजीस क्षुद्र म्हणण्यास आमचे मन धजत नाही. वाळू सारखी करणारा स्वतःचे श्रम देतो. येथे सर्व सहकाऱ्यांच्या कष्टाचे फळ एकाने देऊन टाकले, आणि तेही त्यांना न विचारता. तरीही आम्ही निक्लॉस यांच्याच बाजूचे. मान्यता देण्याचा अधिकार नियमाने त्या खेळाडूलाच दिला होता. आणि दोन फुटांवर चुकल्याची नामुष्की स्वदेशीयांसमक्ष आयुष्यभर वागविण्याचा प्रसंग त्यांनी एका माणसावरून टाळला. सहकाऱ्यांना विचारावयास ते थांबते, तर तो क्षण राहिला नसता.

पुढे या दोघांनी मिळून फ्लोरिडात एक गोल्फचे मैदान आखले. ते २००६ साली खुले झाले. त्याचे नाव 'द कन्सेशन' असे आहे.