दारावरचं नाव

मळवली स्टेशनात उतरून भाज्याच्या लेण्यांकडे चालू लागलं की भातखाचरांच्या कडेला एक पत्र्याचं घर लागायचं. त्या घरात एक चित्रकार राहायची. आजा सुतार, बापही सुतार. आज्याला बलुतं मिळायचं, सुगी झाली की घरोघरचं भात. बापाने चौकटी आणि दारं करून संसार ओढला. पोरीच्या हातात रंध्याऐवजी ब्रश आला. लोकलने पुण्याला ये-जा करून ती शिकली आणि नोकरी न धरता मासिकं, दिवाळी अंक, मुलांची पुस्तकं यांची चित्रं काढून पोट भरू लागली.

दिवाळी अंकांची चित्रं काढावी लागतात भर पावसात. मावळातल्या श्रावणात कागद ओल धरतो, फुगतो, जलरंगाचा हात सुकता सुकत नाही. ती कागद भिजवून, पाटावर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ताणून बसवायची. पहिला हात दिला की पाट उचलून चुलीपासून दोन हातांवर धरायची. जवळ धरला तर रंगाला कडा पडतात, लांब धरला तर अख्खी रात्र जाते. मग वीज आली की स्कॅन करायचं आणि उरलेले सपाट रंग टॅबवर भरायचे. त्या कामाला शेजारचा, कॉलेजात जाणारा एक पोरगा यायचा. त्याच्या हातावर ती खाऊला म्हणून काही ठेवायची.

काम यायचं ते असं: ‘ताई, कथा पाठवलीय. दोन चित्रं, परवापर्यंत.’ मानधनाचा आकडा त्यात नसे. तीही विचारत नसे. विचारलं तर काम दुसरीकडे जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठा होता तो संकोच. कलेचं मोल आपल्याच तोंडाने काय सांगायचं? हा संकोच आपल्याकडे संस्कार म्हणून शिकवला जातो, आणि मला तो घातक वाटतो. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला, रघुवीर मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. कोपऱ्यातली त्यांची सही वाचकांच्या ओळखीची होती. मोठ्या चित्रकारांनी नाव आणि व्यवहार दोन्ही आपल्या हाती ठेवले, म्हणून त्यांची कला काही उणी झाली नाही.

त्या वर्षी तिच्याकडे एक ग्रामीण कथा आली. भातलावणीचं चित्र हवं होतं. तिने इरली पांघरलेल्या बाया काढल्या, चिखलात वाकलेल्या, हातात रोपांच्या मुठी. पोरगा रंग भरायला बसला आणि थांबला.

“ताई, ह्या बाया पुढं चालल्यात.”

“मग?”

“लावणी करताना मागं मागं सरकतात. पुढं गेल्या तर लावलेलं पायाखाली नाही का जाणार?”

तिने कागद बाजूला केला आणि सगळं पुन्हा काढलं. आता बायांसमोर नुकत्या लावलेल्या रोपांच्या ओळी होत्या आणि पाठीमागे मोकळा चिखल, आभाळ पडलेला. संपादकांचा फोन आला. चित्र पाहून त्यांना आपलं गाव आठवलं होतं.

दिवाळीला अंक आला. चित्र पानभर छापलं होतं. खाली सही कापली गेली होती, अनुक्रमणिकेत चित्रकाराचं नाव नव्हतं. कार्तिकी एकादशी झाली, मार्गशीर्ष लागला, तरी मानधनाचा पत्ता नव्हता. तिने दोनदा निरोप टाकले. उत्तर एकच, ‘बघतो ताई.’

एका सकाळी बाप म्हणाला, “चल, एकवीरेला जाऊन येऊ.”

पायऱ्या चढून दर्शन झालं. म्हातारा देवळाशेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरला आणि मान वर करून उभा राहिला. आत छताला सागवानी वासे आहेत, अर्धगोल वाकवलेले, दोन हजार वर्षांपूर्वीचे. दगडात कोरलेल्या छताला वाशांच्या आधाराची गरज नसते.

“तरी बसवलेत,” तो म्हणाला. “सुताराचं काम आहे, पोरी. सांधा बघ.”

मग त्याने तिला व्हरांड्यातल्या दारांपाशी आणलं. भिंतीवर बारीक अक्षरं कोरलेली होती. खूप वर्षांपूर्वी ही अक्षरं वाचणारा एक विद्यार्थी त्याला इथे भेटला होता, आणि त्याने सांगितलेलं म्हाताऱ्याने जपून ठेवलं होतं.

“ही ब्राह्मी लिपी. एका लेखात लिहिलंय, दाराचं दान धेनुकाकटच्या सिंहदत्ताचं. अत्तराचा व्यापारी होता तो. पैसा त्याचा. आणि दुसऱ्या लेखात लिहिलंय, दार केलं सामीने. वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा सुतार.”

ती अक्षरांकडे बघत राहिली. देणाऱ्याचं नाव होतं, आणि करणाऱ्याचंही होतं.

“आबा, तुम्ही कुठल्या दारावर नाव घातलंत का?”

“नाही घातलं. पण इसार घेतल्याशिवाय लाकडाला करवत कधी लावली नाही. तू तेही केलं नाहीस.” तो पायरीवर टेकला. “एक विचारू? तुझं नाव गाळलं म्हणून दोन महिने जेवण गोड लागत नाही तुला. बाया मागं सरकतात हे ज्याने सांगितलं, त्याचं नाव तू कुठं लिहून पाठवलं होतंस?”

ती काहीच बोलली नाही. उतरताना तिने एकदाच मागे वळून दाराकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात दोन कामं आली. दोघांनाही तिने एकच मजकूर पाठवला: चित्राचा दर, निम्मा इसार काम सुरू करण्याआधी, दुरुस्त्या दोनदाच, आणि नाव चित्राच्या पानावरच. लिहिताना तिचे हात कापत होते. एकाने पुन्हा फोन केला नाही. ती रात्र तिला जड गेली. घरात पैसे खरोखरच कमी होते. दुसऱ्याने दिवसभर वेळ घेतला, थोडी घासाघीस केली आणि संध्याकाळी इसार पाठवला.

पोरगा टॅब घेऊन बसला तेव्हा तिने इसारातला त्याचा वाटा मोजून त्याच्यासमोर ठेवला. “हे खाऊचे नाहीत, मजुरीचे आहेत. आणि चित्राखाली माझ्या नावाशेजारी तुझं नाव जाईल. कसं लिहू? नुसतं, की आडनावासकट?”

पोरगा लाजला. टॅबची काच त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसली, परत पुसली.

“मधे आईचं नाव घालता येईल का, ताई? लावणी तिच्याकडनंच शिकलोय.”

तिने कागद पुढे ओढला, पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “तूच लिही. काना-मात्रा चुकायला नको.”