देव नसलेल्या जागेचे पावित्र्य

१९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा कित्येक चित्रगृहांत प्रेक्षक चपला काढून बसत आणि पडद्यावर देवी आली की फुले, नाणी उधळत. ही हकिगत कुणी भाबडेपणाचा नमुना म्हणून सांगतो, कुणी श्रद्धेचा पुरावा म्हणून. पुढे काय झाले ते मात्र दोघेही सांगत नाहीत. चित्रपट उतरला, त्याच पडद्यावर मारामारीचा दुसरा चित्रपट चढला आणि चपला पुन्हा पायांत आल्या. जागा तीच, खुर्च्या त्याच, पुष्कळसे प्रेक्षकही तेच. मग ते पावित्र्य होते कुठे आणि गेले कुठे? वस्तीतली जुनी चित्रगृहे एकामागून एक बंद होत असताना या प्रश्नाला धार आली आहे. चित्रगृह पाडायला निघाले की आसपासचे लोक ‘आमचे ते देऊळच होते’ असे म्हणतात आणि मालक, महापालिका, विकासक ते भावनेच्या भरातले बोलणे म्हणून सोडून देतात. माझ्या मते चित्रगृहाला देऊळ म्हणणे चूक आहे. तरीही त्या बोलण्यामागचा दावा खरा आहे आणि आपल्याच धर्मपरंपरेत त्याला भक्कम आधार आहे.

सर्वांत सोपे उत्तर असे की पावित्र्य पडद्यावरच्या देवाचे होते. इतिहास वरवर पाहता त्याला दुजोरा देतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे त्यांच्या पौराणिक चित्रपटांत राम-कृष्ण दिसताच प्रेक्षक लोटांगण घालत, अशी नोंद आहे. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा घराघरांतल्या तसबिरींत तुकोबांचा म्हणून जाऊन बसला. पण हे उत्तर पुरे पडत नाही. ते पुरे असते तर लोकांनी भक्तिपटांपुरतीच चित्रगृहाची आठवण जपली असती. मुंबईत लालबागचे भारतमाता चित्रगृह वाचवण्यासाठी मराठी माणूस रस्त्यावर उतरला तो काही तिथे दिसलेल्या देवांसाठी नव्हे. कापड गिरण्यांच्या त्या वस्तीला, गिरणगावाला आठवतात ते दादा कोंडके, त्यांची लोंबती नाडी आणि त्यांचे द्वयर्थी विनोद. पडद्यावर देव नसतानाही जागेचा जिव्हाळा तितकाच राहत असेल, तर त्याचे मूळ दुसरीकडे शोधावे लागते.

ते शोधायला महानुभाव पंथाकडे जावे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर अनुयायांनी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक म्हणजे गृहस्थ उपासक या चार गोष्टी स्मरणाच्या आणि वंदनाच्या मानल्या. त्यांतली स्थाने ‘स्थानपोथी’त नोंदली गेली. या ग्रंथाचे वेगळेपण त्याच्या निवडीत आहे. देवळाच्या गाभाऱ्यात कोणता देव बसला आहे, याला तिथे महत्त्व नाही. चक्रधर कोणत्या चौकात बसले, कुठे जेवले, कुठे रात्र काढली, याला आहे. त्यांच्या परिश्रयाची म्हणजे शौचाला जाण्याची जागाही त्यात आहे. एखादे स्थळ मुळात पवित्र म्हणून स्वामी तिथे गेले असे हा ग्रंथ मानत नाही. तिथे संबंध घडला म्हणून ते वंद्य झाले, असे मानतो. पावित्र्य वास्तूचा गुण नसून संबंधाचा परिणाम आहे, हा विचार मराठीत सातेकशे वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छपणे मांडला गेला आहे. अर्थात महानुभावांच्या दृष्टीने तो संबंध ईश्वरावताराशी असतो. चित्रगृहात अवतार नाही, तिथे नुसती माणसे. म्हणून पुढचा प्रश्न असा की, माणसांचा माणसांशी आलेला संबंध जागेला वंद्य करण्याइतका मोलाचा असू शकतो का?

गिरणगावापुरते तरी याचे उत्तर देता येते. दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्यांनी झोपणारे कामगार, भोंग्यावर चालणारा दिवस आणि गिरणीच्या आतही जातीने आखलेली खाती. धागा तोंडाने ओढून धोट्यात भरावा लागे, म्हणून विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय वारंवार मांडला. देवळांचे दरवाजे तर बंदच होते. ज्या नाशिकमध्ये फाळक्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत देवादिकांचे चित्रपट तयार होत होते, त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालूनही ते दार उघडले नाही. देवळात जो राम दिसू दिला जात नव्हता, तो पडद्यावर काही आण्यांत दिसत होता. शहरातल्या चित्रगृहाच्या खिडकीवर दर विचारला जाई, जात नाही. शेजारी कोण बसणार हे आपल्या हाती नसे आणि त्या अनोळखी माणसाच्या हसण्यात आपले हसणे मिसळून जाई. कामाचा, नात्याचा किंवा जातीचा धागा नसलेली माणसे तीन तास एकाच गोष्टीकडे लक्ष देऊन बसली आहेत, असा संबंध त्या वस्तीत दुसरीकडे फारसा घडत नव्हता. जागेच्या जिव्हाळ्याचे मूळ तिथे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ही समता पैशाने आलेली होती, कुणाच्या सदिच्छेने नव्हे. शिवाय ती अपुरी होती. बाल्कनी आणि पुढच्या रांगा वेगळ्या होत्या, काळ्या बाजारात तिकिटे चढ्या भावाने विकली जात आणि एकट्या बाईला रात्रीच्या खेळाला येणे सोपे नव्हते. हे सगळे खरे आहे. पण चांगली गोष्ट चांगल्या हेतूनेच घडली पाहिजे असा नियम केला, तर आगगाडीच्या डब्यात मोडलेला विटाळही नाकारावा लागेल, कारण रेल्वे कंपन्यांना समाजसुधारणा करायची नव्हती. धंद्याने नकळत जे घडवले ते माणसांनी जाणीवपूर्वक जपले, यातच त्याचे मोल आहे. उणिवांचे म्हणाल, तर त्या संबंधाला मर्यादा घालतात. तो मुळी नव्हताच असे त्यांनी सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो संतांच्या तोंडून येतो. तीर्थात धोंडा आणि पाणी, देव तर सज्जनांत, असे सांगणाऱ्या परंपरेला विटामातीचा मोह कसा चालेल? सर्व काही अनित्य आहे हे बुद्धवचन मानणाराही हेच विचारील. पण संतांनी नाकारले ते जागेला चिकटलेले आयते पुण्य. जागेची आठवण त्यांनी नाकारली नाही. वारीचेच पाहा. ती ठरल्या वाटेने जाते, ठरल्या जागी विसावते आणि ज्ञानोबांच्या पालखीचे पहिले उभे रिंगण चांदोबाच्या लिंबाजवळ होते. त्या जागेला वारकरी ओळखतात ते तिथे दरवर्षी जमणाऱ्या मेळ्यामुळे. अनित्यतेचे म्हणावे, तर ती आठवणीच्या बाजूनेच साक्ष देते. जे टिकणार नाही त्याचीच नोंद करावी लागते. टिकणाऱ्याला नोंदीची गरज नसते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि मला तो सर्वांत सबळ वाटतो. चित्रगृह पडताना हळहळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे तिथले तिकीट काढलेले नसते. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळ चालवून तोटा सोसायचा मालकाने आणि आठवणी जपायच्या इतरांनी, हा न्याय कसा? तो न्याय नव्हेच. म्हणून संबंधातून निघणारा हक्क वास्तूवरचा हक्क नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते. खासगी मालकावर साऱ्या वस्तीच्या स्मृतीचा भार टाकता येत नाही. पण जमीन सार्वजनिक असेल तर हिशेब बदलतो. भारतमाता ज्या गिरणीच्या जमिनीवर उभे आहे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे लोकांची. गिरण्यांच्या जमिनीतला एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी, असे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. १९८२ च्या गिरणी संपात ज्यांची रोजी गेली, त्यांच्या वाट्याला जमीनही फारशी आली नाही. दुसरीकडे याच महामंडळाची दादरची इंदू मिल बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देण्यात आली. स्मृतीचा जमिनीवर हक्क असू शकतो हे शासनाने तिथे मान्य केलेच आहे. थोरांच्या स्मृतीला जो न्याय मिळतो त्याचा काही अंश सामान्यांच्या सहवासाला का मिळू नये, याचे उत्तर सार्वजनिक मालकाने दिले पाहिजे.

खासगी जागेबाबत उरते ते कर्तव्य वस्तीचे आहे आणि त्याची रीतही स्थानपोथीतच सापडते. तिच्या लेखकांनी स्थाने ताब्यात मागितली नाहीत. गावोगाव हिंडून, विचारपूस करून, दिशा आणि दार सांगून त्यांनी ती लिहून काढली, आणि परिश्रयाची जागा गाळून ग्रंथ सोवळा केला नाही. चित्रगृहांची नोंद अशीच व्हायला हवी: कोणत्या गिरणीची पाळी सुटल्यावर कोणता खेळ भरे, दारावर कोण उभा राही, पुढच्या रांगेत कोण बसे आणि कोणाला तिथे यायला संकोच वाटे, खुर्च्यांतले ढेकूण आणि तिकिटांचा काळा बाजार धरून. केवळ गोड आठवणी लिहिल्या तर तो गौरवग्रंथ होईल आणि त्याने संबंधाची साक्ष मिळणार नाही. देवळाचे पावित्र्य टिकवायला मूर्ती, पुजारी आणि उत्पन्न असते. माणसांच्या सहवासाने पवित्र झालेल्या जागेला यांपैकी काहीच नसते, म्हणून तिच्या बाबतीत प्रामाणिक नोंद हीच पूजा ठरते. ही पूजा मालकाच्या परवानगीवाचून करता येते. ती न करता नुसते ‘देऊळ पाडले’ म्हणणाऱ्यांनी त्या जागेचे ऋण अजून फेडलेले नाही.