बाराचा भोंगा

ढोकीच्या आमच्या जुन्या घरात, माळवदाच्या खोलीत, एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पंचवीस-तीस कॅसेटी. काहींना बुरशी धरलेली, काहींतला फोमचा बारका तुकडा गळून पडलेला, तीन-चारांची फीत पेन्सिल घालून आवळावी लागली. त्यांतल्या एकीवर भावगीतांचं छापील नाव आहे आणि आत मात्र गावच्या सप्ताहातलं कीर्तन. कडेची दोन चौकोनी भोकं, जी उघडी असली की कॅसेटवर काही भरता येत नाही, ती कागदाचे बोळे कोंबून बुजवलेली. म्हणजे कुणीतरी विकतची गाणी मुद्दाम पुसून त्यावर कीर्तन भरलं होतं. कुणी, कोणत्या साली, बुवा कोण, काही कळत नाही. चिठ्ठीवर शाईचा नुसता निळसर डाग उरला आहे.

“जुनी कॅसेट सापडली,” असं मी फोनवर मित्राला सांगत होतो. काकू ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “सापडली काय म्हणतोस? तिथंच तर होती.”

गेली काही वर्षं जॅझच्या दुनियेत ‘सापडलेल्या’ मुद्रणांचा सुकाळ आहे. पियानोवादक बिल इव्हान्स १९८० साली गेला, पण त्याच्या नव्या तबकड्या अजून निघतात. न्यूयॉर्कच्या टॉप ऑफ द गेट क्लबात २३ ऑक्टोबर १९६८ ला त्याचं त्रिकूट वाजवत होतं: पियानो, डबल बास आणि ड्रम. जॉर्ज क्लेबिन नावाच्या तरुणानं कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओसाठी ते वाजवणं टेप केलं. तबकडी निघाली २०१२ मध्ये. लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबातलं १९६९ च्या डिसेंबरातलं वादन तर एका फ्रेंच चाहत्यानं गुपचूप टेप केलेलं. ते २०१९ मध्ये बाहेर आलं आणि त्या चाहत्यानं आपलं पूर्ण नाव छापू दिलं नाही. जाहिरातीत अशा वेळी ‘हरवलेला ठेवा’ हे शब्द हमखास असतात. हरवला होता कुणासाठी? क्लेबिनकडची टेप चव्वेचाळीस वर्षं क्लेबिनकडेच होती. काकूची हरकत इथंही तशीच्या तशी लागू पडते.

खरोखर हरवणं कसं असतं ते दुसऱ्या एका उदाहरणात दिसतं. २९ नोव्हेंबर १९५७ ला कार्नेगी हॉलमध्ये थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन यांनी एकत्र वादन केलं. व्हॉइस ऑफ अमेरिकेनं ते मुद्रित केलं, टेपा पुढं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्या आणि २००५ पर्यंत तिथं पडून राहिल्या. लॅरी ॲपलबॉम हे तिथले जाणकार जुन्या टेपा संगणकावर उतरवत असताना त्यांच्या हाती हे डबे आले. एका डब्यावर हातानं मंकचं त्रोटक नाव लिहिलेलं होतं, कोल्ट्रेनचं नव्हतं. वाजू लागल्यावर त्यांनी तो सॅक्सोफोन ओळखला. जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयात, उत्तम स्थितीत असलेली वस्तू वर्षानुवर्षं हरवलेली होती, कारण डब्यावर नाव धड नव्हतं. ॲपलबॉमनी टेप शोधली म्हणण्यापेक्षा तिला नाव लावलं म्हणावं. माझ्या मते खरं काम तेच, आणि त्याचं कौतुक सगळ्यात कमी होतं.

आपल्याकडं याच्या उलटं घडत आलं आहे. ख्यालगायक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात तबकडीसाठी गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, त्याला तोवर चव्वेचाळीस वर्षं झाली होती, तरी खाँसाहेबांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचाही नाही. पण नाव पुसलं गेलं का? त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव गायचे तेव्हा ऐकणारे बुवांची आठवण काढायचे. केसरबाई आणि मोगूबाई दोघी खाँसाहेबांच्याच शिष्या, पण दोघींचं गाणं वेगळं, आणि त्या वेगळेपणातून लोक खाँसाहेबांचा अंदाज बांधायचे. गुरू शिकवताना जागेसकट नाव देतो: ही जागा अमक्याची, ही बंदिश तमक्याकडून आलेली. शिष्याच्या गळ्यात चिठ्ठी शाबूत राहते आणि आवाज बदलत जातो. टेपेचं नेमकं उलटं आहे. ती खोकलासुद्धा सोडत नाही, पण कोण खोकलं ते सांगत नाही.

खोकल्यावरून आठवलं. इव्हान्सच्या सगळ्या मुद्रणांत मला प्रिय आहे ते २५ जून १९६१ चं, व्हिलेज व्हॅनगार्डमधलं. रविवार होता, दुपार-संध्याकाळ मिळून पाच बैठका झाल्या. बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशियन. लाफारो पंचवीस वर्षांचा. बासनं मागं उभं राहून ठेका सांभाळायचा, ही रीत त्यानं मोडली. तो पियानोच्या बरोबरीनं बोलतो, मध्येच अडवतो, कधी पुढं निघून जातो. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. त्या फितीवर ग्लासांची किणकिण आहे, कुणाचं तरी हसू आहे, टेबलावरच्या गप्पा आहेत. २००५ मध्ये त्या दिवसाचं सगळं मुद्रण एकत्र निघालं, तेव्हा वीज गेल्यामुळं तुटलेली पहिली चीजही त्यात घातली. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ही तबकडी एकदम घरची का वाटते, ते वेगळं सांगायला नको.

ते गप्पा मारणारे लोक कोण होते? निम्म्यांचं लक्षही नव्हतं. आज जगभर लोक कान टवकारून जे ऐकतात, ते त्या दिवशी कुणाच्या तरी जेवणाच्या मागं वाजत होतं. मला यात खंत वाटत नाही. उलट असं वाटतं की थेट मुद्रणात संगीताबरोबर एक दुपार साठते, आणि ती दुपार काढून टाकली तर उरलेलं संगीत थोडं खोटं होतं. जुन्या मैफलींच्या टेपा ‘स्वच्छ’ करून खोकले, दाद, पानदानाचा आवाज छाटणारे लोक मला म्हणूनच आवडत नाहीत. या टेपा आल्या कुठून, तेही पाहावं. तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल कोंबून बसवावा लागे. स्पूलचे टेपरेकॉर्डर आले आणि गवयाला पहिल्यांदा ऐसपैस बसता आलं. पण स्पूल आले मुख्यतः हौशी यजमानांच्या दिवाणखान्यात. त्यामुळं लांबलचक मुद्रणं त्यांच्याकडं जमत गेली आणि त्यांच्यामागं ट्रंकांत राहिली.

मुंबईच्या जॅझला तेवढंही मिळालं नाही. गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचा. त्याचा थोडा आवाज तबकड्यांवर उरला, थोडा सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’सारख्या चित्रपटांच्या संगीतात मिसळला. ताजमधल्या त्या रात्री मात्र गेल्या. त्या टेप करणारं कुणी नव्हतं. जपायलाच काही नसेल तर ‘सापडणं’ कुठून येणार?

आता अडचणीची गोष्ट. केसरबाई केरकर आपलं गाणं यंत्राच्या हवाली करायला फारशा राजी नसत. तरी १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्या गेल्या. अशा बाईंची एखादी मैफल कुणी लोडामागं यंत्र ठेवून टेप केली असेल, तर ती आपण ऐकावी का? आपल्या कायद्यात कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. त्याआधीची बहुतेक टेप ओळखीवर, भिडेवर किंवा सरळ चोरीवर झालेली आहे. माझं मत असं की जपणं आणि वाटणं यांत भेद करावा. ज्यानं जपली त्याचे उपकार आहेत. पण वाटताना वारसांना विचारावं, आणि जिनं हयातीत नाही म्हटलं तिचं नाही मेल्यावरही थोडं ऐकावं. हे लिहितो आहे खरा, पण तशी एखादी टेप कुणी हातात दिली तर मी परत करीन याची खात्री मला नाही.

आणि कीर्तनकार बुवांना तरी कुणी विचारलं होतं?

ढोकीहून तेर जवळ आहे. तिथं पावसाळ्यानंतर शेतात, पांढरीत, मणी, खापरं, भाजक्या मातीच्या मूर्ती वर येतात. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात ज्या तगरचं नाव येतं ते हे गाव. लोकांच्या पायाखाली हे शतकानुशतकं होतं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तू गोळा केल्या, आणि आज त्यांच्या नावानं गावात शासनाचं वस्तुसंग्रहालय उभं आहे. त्यांनाही कुणी म्हणालं असेल, सापडलं काय, इथंच तर होतं. खापर उचलून बाजूला ठेवणं अवघड नाही. हे कुठल्या शेतातलं, कुणी दिलं, एवढी चिठ्ठी त्याबरोबर ठेवणं अवघड असतं. कारण ती लिहिताना वस्तूला मोल आहे की नाही हे ठाऊक नसतं.

गेल्या दिवाळीत बार्शीहून एक जुना टेपरेकॉर्डर आणला, त्याचा पट्टा बदलून घेतला आणि ती कॅसेट लावली. आधी खरखर. मग टाळ, मृदंग, मागं धरलेली चाल, आणि बुवांचा बसका पण खणखणीत आवाज. एक बाई पोराला हाक मारते. माईक शिट्टी मारतो, कुणीतरी तो नीट करतं. मी वही घेऊन बसलो होतो. बुवांच्या बोलण्यात गावाचं नाव येतं का, तिथीचा उल्लेख होतो का, यावर माझे कान. काहीच आलं नाही. काकू दारात येऊन उभी राहिली.

बाजू संपायला थोडं उरलं असताना टाळांच्या मागून लांब, जाडसर आवाज निघाला, वर चढला आणि विरला. मला वाटलं फीत अडकली. मी बटणाकडं हात नेला.

“राहू दे,” काकू म्हणाली. “कारखान्याचा भोंगा हाय तो. बाराचा. म्हंजी तुकाराम बीजेचा सप्ताह, गाळप चालू असंल तवाचा. काल्याचं कीर्तन हाय. आता हंडी फोडतील बघ.”

बुवांनी चाल उचलली, टाळ एकदम वाढले, आणि बाजू संपून बटण खाडकन वर आलं. मी वहीत लिहिलं: फाल्गुन, दुपारी १२, ढोकी. साल कोणतं, ते काकू अजून बोटांवर मोजते आहे.