सावळ्याच्या दारी गोरेपणाचा नवस



तेरला गोरोबाकाकांच्या समाधीवर माथा टेकवून तुम्ही पंढरीची वाट धरता. तिथे ज्या पायांवर डोके ठेवता ते काळ्या पाषाणाचे. तुळजापूरची आई भवानीही काळ्या पाषाणाचीच. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाची कुलदेवता काळी आणि विठुरायाही काळा. (पांडुरंग या शब्दाचा अर्थ पांढऱ्या रंगाचा, आणि ते नाव आपण काळ्या मूर्तीला प्रेमाने घेतो, ही गंमतही ध्यानात घ्या.) 'सावळा' म्हणताना आपला कंठ दाटून येतो. मग घरी येऊन लेकीच्या स्थळासाठी माहितीचा कागद लिहायला बसतो आणि रंगाच्या रकान्यात 'निमगोरा' लिहितो. मुलाकडचे असलो तर तो रकाना आधी वाचतो.

आता प्रश्न असा की चेहऱ्यावर उपचार करून घेणे हा देहाचा मोह की देहाची सेवा? देह मातीचा, त्याला मलम कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते बोलणे फुकाचे वाटते. तेच लोक साखरेची गोळी वेळेवर घेतात. आपल्या पंथाने देहाला कधी तुच्छ मानले नाही. पायांनी वारी होते, हातांनी टाळ वाजतो, गळ्याने नाम घेता येते. खुद्द पंढरीच्या मूर्तीची झीज होऊ नये म्हणून तज्ज्ञांच्या हातून वज्रलेप केला जातो. पण लेप देता देता मूर्ती जरा उजळ करा, असे कुणी म्हटल्याचे ऐकले आहे का? जपणे वेगळे आणि बदलणे वेगळे.

सावळ्या कातडीचे काही खरे आजार आहेत आणि त्यांना खरा उपचार लागतो. बाळंतपणानंतर, उन्हातान्हात राबून बायकांच्या गालांवर वांग येतो. मुरूम बरा होतो, पण त्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी साधारण सारख्याच संख्येने असतात. आपल्यात त्या रंगकण जास्त आणि मोठे तयार करतात. म्हणून जरा दाह झाला की डाग उमटतो. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली लेसरची मात्रा आपल्याला भाजून काढू शकते. गोऱ्या अंगावर जी लाली लगेच दिसते ती आपल्या अंगावर चटकन दिसतच नाही. वैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीचीच. २०२० साली लंडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांना सोबत घेऊन, काळ्या-सावळ्या अंगावर आजार कसे दिसतात याची पुस्तिका तयार केली. इतक्या उशिरा! आपल्या रंगाची कातडी ओळखणारा डॉक्टर मिळावा, हे मागणे नटवेपणाचे नाही. सावळ्या अंगावरचा फिकट, बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो; तो वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो.

पण बाजारात विकले जाते ते दुसरेच. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असते. दोन-तीन आठवडे चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, आपण तिलाही नाव सांगतो. पुढे कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरूम उठतात, नको तिथे केस येतात, आणि ट्यूब बंद केली की चेहरा आणखी पेटतो. अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ साली केला. काही क्रीममध्ये पारा सापडतो. पारा कातडीतला रंग तयार होणे रोखतो आणि अंगात शिरून मूत्रपिंड बिघडवतो. अकोल्यात एकाच घरातली आई आणि दोन मुली एक क्रीम वापरून मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा कारण निघाले पारा. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. आपल्या कागदावरचा रकाना अजून तिथेच आहे.

यात दोष कुणाचा? रात्री दार लावून गालाला ट्यूब चोळणाऱ्या मुलीला मी दोष देणार नाही. तिने बाजारभाव पाहिला आहे. तो भाव तुम्ही-आम्ही ठरवला. गोरोबाकाकांनी संतमंडळींची परीक्षा घेतली ती कथा तुम्हाला पाठ आहे. काकांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले, कच्चे की पक्के एवढेच. रंग विचारला नाही. कुंभाराला तर हे पक्के ठाऊक असते की भट्टीत वारा खेळला तर मडके लाल निघते आणि धूर कोंडला तर तीच माती काळी निघते. आपल्या लेकींना ठोकून पाहण्याचाही मान मिळत नाही. उंबऱ्यातूनच निकाल लागतो.

तुम्ही म्हणाल, महाराज, लग्न जमायचे कसे? चिंता खरी आहे. मुलीच्या बापाला उपदेश करून ती मिटणार नाही. म्हणून हे बोलणे मुलाच्या आईबापांशी आहे, आणि गावात ज्यांचा शब्द मानला जातो त्या विणेकरी, कीर्तनकार मंडळींशी. पाहुण्यांनी रंगाची गोष्ट काढली की तिथल्या तिथे टोकायला तुम्हाला काय हरकत आहे? तुळशीची माळ घातलेला माणूस बोलला तर बैठक ऐकते.

आणि घरात कुणाला वांग वा डाग असेल तर त्याला हसू नका. उन्हात पदर, रुमाल घ्यायला सांगा; वांगाला ऊन आवरणे हा पहिला उपचार. ट्यूब आधीच चालू असेल तर एकदम फेकूनही देऊ नका. ती खोक्यासकट सोबत घ्या आणि धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ती टप्प्याटप्प्याने कशी सोडायची ते डॉक्टर सांगतील. जाताना लेकीबरोबर तिच्या आईनेच जावे असे नाही, बापानेही जावे.