धावण्यास कारण की

धावण्याला पूर्वी कारण लागत असे. गाडी सुटत असावी, दूध उतू जात असावे, किंवा निदान एखादा बैल तरी मागे लागलेला असावा. उगीचच धावणारा माणूस दिसला, की रस्त्यावरचे चारजण "काय झालं हो?" म्हणून विचारीत, आणि तो थांबला नाही, तर काहीतरी भयंकर झाले असणार अशी खात्री पटून तेही त्याच्यामागे पळत सुटत. आपल्या भाषेलाही हे ठाऊक होते. धावपळ, धावाधाव हे शब्द लग्नघरातले, नाहीतर इस्पितळातले. 'धावा' करायचा तो संकटात सापडलेल्याने, आणि धावून यायचे ते देवाने. म्हणजे नेमाने धावण्याचे खाते मराठीत देवाकडे होते. माणसाने आपल्या जागी उभे राहून हाका माराव्यात, एवढीच अपेक्षा. वर्षातून एकदा वारीत, वेळापूरजवळ, वारकरी उतारावरून पळत सुटतात, त्यालाही 'धावा'च म्हणतात. पण तिथे समोर पंढरपूर असते.

आमच्या एटापल्लीत हा जुना नियम अजून पुष्कळसा पाळला जातो. मी तिथे सत्तावीस वर्षे मास्तरकी केली आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिलो, त्यामुळे धावण्याची स्थानिक कारणे मला पाठ आहेत. पहिले कारण एसटी. दुसरे अस्वल. मोहाची फुले पडायच्या दिवसांत पहाटे माणूसही टोपली घेऊन निघतो आणि अस्वलही निघते. दोघांचे झाड एकच निघाले, तर प्रश्न येतो. (अस्वलापुढे पळू नये असे जाणकार सांगतात. ही माहिती ऐन वेळी डोक्यात असते, पायांपर्यंत पोचलेली नसते.) तिसरे कारण पोलीस भरती. पहाटे अंधारात आलापल्लीच्या रस्त्यावर पोरे पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. एखाद्या सेकंदाने नोकरी हुकते, आणि नोकरीबरोबर घराचे छप्पर, बहिणीचे लग्न वगैरे सगळेच हुकते. इतक्या कारणांनिशी धावणारी माणसे मी रोज पाहत आलो, त्यामुळे विनाकारण धावण्याचे आमंत्रण आले तेव्हा मला त्याचे जरा अप्रूपच वाटले.

आमंत्रण समुद्रकिनाऱ्यावर धावण्याचे होते. आता समुद्र म्हटला तर आम्हाला बंगालचा उपसागर जवळ. आमच्या बांडिया नदीचे पाणी इंद्रावतीत जाते, तिथून गोदावरीत आणि गोदावरीबरोबर थेट पूर्वेला. सरळ रेषेत मोजले तर तो समुद्र मुंबईच्या समुद्राच्या निम्म्या अंतरावर आहे. पण माझा पुतण्या डोंबिवलीत राहतो. नदीपेक्षा नाते जोरकस, म्हणून आमचा समुद्र अरबी.

मी त्याच्याकडे चार दिवस गेलो होतो. "काका, रविवारी मरीन ड्राइव्हला धावायला चला. तुमच्या वयाचे पुष्कळ येतात," तो म्हणाला. "तुमचं नाव नोंदवलंय. पैसेही भरलेत."

"पैसे? ते देतात की आपण द्यायचे?"

"आपण."

पैसे भरलेले ऐकल्यावर मध्यमवर्गीय माणूस मागे हटत नाही. रविवारी पहाटे आम्ही निघालो. लोकल गाठण्यासाठी डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर आम्ही जेवढे पळालो, ते पुढच्या हिशेबात कोणी धरले नाही. वास्तविक त्या दिवसातले कारणासहित धावणे तेवढेच.

नरिमन पॉइंटवर दोन-तीनशे माणसे जमली होती. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे बनियन, छातीवर आकडा. मला ४१२ मिळाला. हजेरीपटावर आयुष्यभर मी लोकांना आकडे दिले. मला आकडा मिळण्याची ही पहिलीच वेळ. आणि मग 'ते' आले. त्यांचे नाव मी लिहीत नाही, पण तंदुरुस्तीच्या क्षेत्रातले ते मोठे नाव आहे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर चरबीचा कण नाही आणि पायांत काही नाही. अगदी अनवाणी! त्यांनी छोटेसे भाषण केले. "आपली स्पर्धा कोणाशीही नाही, फक्त स्वतःशी आहे," असे ते म्हणाले, आणि तीनशे माणसांनी एकदम मनगटावरची घड्याळे लावली. स्वतःशी स्पर्धा असण्यात एक सोय आहे. हरणारेही आपणच आणि जिंकणारेही आपणच. घरी सांगताना जिंकणाऱ्याची बातमी तेवढी सांगावी.

गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन परत यायचे होते. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला झोपलेल्या इमारती, पहाटेचा वारा. मी थोडा धावलो, बराचसा चाललो, आणि मला फार बरे वाटले हे आधीच सांगून टाकतो. ओळख नसलेली माणसे "चला काका, जमतंय!" म्हणत पुढे जात होती. एरवी मुंबईत कोणी अनोळखी माणूस काही बोलला, तर तो "सरका" एवढेच बोलतो. शेवटी सगळ्यांच्या गळ्यात एकसारखे पदक आणि हातात एकेक केळे पडले.

पण वाटेत एक वाक्य कानावर आले, ते अजून गेलेले नाही. माझ्यापुढच्या दोघी म्हणत होत्या, "बघ ना, अनवाणी! केवढी साधी राहणी!" मला एकदम एटापल्लीचा आठवडी बाजार आठवला. आडबाजूच्या पाड्यांवरून दहा-पंधरा किलोमीटर अनवाणी चालत बायका येतात, डोक्यावर ओझे, कधी काखेत पोर. त्यांच्या पायांकडे पाहून "केवढी साधी राहणी!" असे कोणी म्हटल्याचे मी इतक्या वर्षांत ऐकले नाही. त्यांना चपला वाटाव्यात, असे मात्र दरवर्षी कोणीतरी म्हणते. पाय तसेच, तळव्याला टोचणारा खडाही तसाच. मग एका पायांना पदक आणि दुसऱ्या पायांना चपला, हे कसे ठरते?

अनवाणी धावणाऱ्यांची टिंगल करून हा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे ते धावणे ज्यांच्यामुळे गाजले, त्या मिलिंद सोमणांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला आयर्नमॅन ही शर्यत पुरी केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणे, सगळे एका दिवसात. पुढच्याच वर्षी ते अहमदाबादहून मुंबईला अनवाणी धावत आले, ५२७ किलोमीटर. हाच प्रवास बसून केला तरी माझी पाठ धरते. तेव्हा कष्ट खरे आहेत, याबद्दल वाद नाही. त्या धावेत वाटेवर त्यांच्या मातुःश्री उषाताई सामील झाल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, साडी नेसलेल्या, आणि त्याही अनवाणी. ते चित्र देशभर लोकांनी कौतुकाने पाहिले. मीही पाहिले.

आणि पाहताना मला दुसरे चित्र आठवले. त्याच्या तीन वर्षे आधी, २०१३ साली, बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी उलटलेल्या लता भगवान करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. शेतमजुरी करून पोट भरणारी ही बाई हौसेने धावली नव्हती. नवऱ्याच्या आजारावर तपासण्या करायच्या होत्या आणि बक्षिसाची रक्कम होती. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही टाळ्या त्यात आहेत; पण नवऱ्याची तपासणी करून घ्यायला म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी लागते, हे टाळ्यांच्या आवाजात नीट ऐकू आले नाही.

दोघींची साडी, दोघींचे अनवाणी पाय, दोघींचे वय. मला दिसतो तो फरक एकच. उषाताईंना वाटेत "आता पुरे" म्हणून थांबता आले असते, आणि कौतुकात तसूभरही उणे आले नसते. लताबाईंना थांबणे परवडणारे नव्हते. धावण्याची किंमत पायांनी दोघींनी मोजली. थांबण्याची मुभा एकीकडेच होती.

व्यायामशाळांत पळण्याचा जो पट्टा असतो, त्याच्या पूर्वजाची हकीकत मला यासाठीच आवडते. इंग्लंडात विल्यम क्यूबिट नावाच्या इंजिनियरने १८१८ च्या सुमारास तुरुंगांसाठी पायऱ्यांचे एक मोठे चाक तयार केले. कैद्यांनी तासन्‌तास त्यावर चढत राहायचे. चाक फिरते, माणूस आहे तिथेच. ऑस्कर वाइल्डसारख्या लेखकालाही ते चुकले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शिक्षा अमानुष म्हणून तिथे बंद झाली. आज तसल्याच यंत्रावर चढण्यासाठी माणसे महिन्याची वर्गणी भरतात आणि प्रसन्न चेहऱ्याने उतरतात. उतरता येते, म्हणून प्रसन्न.

एवढा विचार मी परतीच्या प्रवासात केला, आणि एटापल्लीला पोचल्यावर तो माझ्या शेजाऱ्याने विस्कटून टाकला. शेजारी माडिया, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पदक हातात घेऊन उलटसुलट करीत त्याने विचारले, "किती भेटले जी, गुरुजी?"

"मिळाले नाहीत. भरावे लागले."

"पैसे देऊन पळाले?" तो बराच वेळ हसला. मी त्याला हृदय, रक्तदाब, साखर असे सगळे समजावून सांगितले. त्याला पटले नाही. मला जरा विजय झाल्यासारखे वाटू लागले होते, की बघा, ज्याच्या वाट्याला गरजेचे कष्ट आले त्याला हौसेचे कष्ट कळतच नाहीत. तेवढ्यात आठवले, की हाच गृहस्थ गेल्या वर्षी बारा किलोमीटर चालत एका गावी गेला, तिथे रात्रभर रेला नाचला, आणि सकाळी बारा किलोमीटर चालत परत आला. "कशाला गेला होतास?" मी तेव्हा विचारले होते. "नाचाले," तो म्हणाला होता. त्याने ना रक्तदाबाचे नाव काढले होते, ना साखरेचे. विनाकारण दमण्याचा आनंद त्याला माझ्या आधीपासून ठाऊक होता. त्याचे हसणे माझ्या कारणांना होते.

तेव्हा हौसेने दमणे ही काही शहरातल्या सुखवस्तूंची मिरास नाही. ती प्रत्येकाला हवी असते, आणि बहुतेकांजवळ थोडीफार असतेही. पण तिच्या शेजारी गरजेचे पळणे कोणाच्या वाट्याला किती येते, हा हिशेब मला अजून नीट मांडता येत नाही. मी पदक खिळ्याला अडकवले. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला निघालो, तेव्हा भरतीची तयारी करणारा माझा एक जुना विद्यार्थी धापा टाकीत शेजारी येऊन थांबला.

"गुरुजी, मुंबईले पळाले म्हणे. किती टाइम?"

"सहा किलोमीटर. एक तास पाच मिनिटं."

त्याने ओठ हलवून त्रैराशिक मांडले. मीच शिकवलेले. "म्हणजे सोळाशेला सतरा मिनिटं. याले शून्य मार्क देतेत जी." मग जरा काळजीने विचारले, "तिथं नापास झालेल्याले का करतेत?"

"केळं देतात."

तो हसला, पाण्याचा एक घोट घेतला, उजाडत आले होते तिकडे पाहिले. "ट्रक चालू व्हायच्या आत अजून एक फेरी मारतो जी," म्हणाला, आणि गेला.